विहाराचं कुलूप
(घाटकोपरच्या वस्तीत तरुणांपुढे केलेलं भाषण)



मी गोदीतला हमाल, मॅट्रिक शिकलेला. धर्मशास्त्र मला कळत नाही. बंद दाराबाहेर उभं राहणं कळतं.

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशन तेव्हाच्या अहमदनगरात आलं. गाव ज्यांची सावली टाळायचं, त्या महार-मांगांच्या पोरांना मिशननं शाळेत बसवलं. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर लोक झुंडीनं चर्चमध्ये गेले. शहाणे म्हणाले, 'पोटासाठी बाटले!' अरे, तुम्ही कधी ओसरीवर तरी बसवलंत?

पण जात चर्चमध्येही शिरली. लग्नं जातीतच. आणि १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातीच्या सवलती आजही नाहीत. बौद्धांना त्या १९९० मध्ये मिळाल्या.

आता आपलं बघा. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाचं दार उघडून दिलं. आपण त्या दाराला कुलूप लावलं. ते जयंतीलाच निघतं. गेल्या जयंतीला पलीकडच्या गल्लीतली कचरा वेचणारी मावशी दारात उभी होती. 'आत या' म्हणायला माझीही जीभ वळली नाही.

रविवारी कुलूप मी काढतो. सतरंजी तुम्ही आणा. मावशीला बोलवायला सगळे मिळून जाऊ.