वार्धक्यातील दुर्मिळ अंतर्गळ : निदान आणि शस्त्रक्रिया

(आदिलाबाद येथे महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात एका शल्यचिकित्सकाने केलेले भाषण)



देवालयाच्या प्रांगणात, अशा मंगल प्रसंगी, रोगाविषयी बोलावे की न बोलावे असा संकोच मला वाटत होता. तथापि समोर बसलेल्या मंडळींत साठी-सत्तरी ओलांडलेल्यांची संख्या पाहिली आणि हा संकोच दूर झाला. आज ज्या व्याधीविषयी मी बोलणार आहे, ती शरीराच्या अशा भागी होते की तिचा उच्चार घरात सहसा होत नाही. विशेषतः आपल्या आया आणि आज्या ती झाकूनच ठेवतात, आणि झाकून ठेवल्यामुळेच ती घातक ठरते.

ज्याला आपण आता सर्रास हर्निया म्हणतो, त्यास आपल्या भाषेत अंतर्गळ असा जुना शब्द आहे. पोटाची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी झाली की आतील आतडे अथवा चरबीचा पडदा त्या वाटेने बाहेर डोकावू लागतो. ही व्याधी आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून त्यांत अंत्रवृद्धीचा समावेश आहे. ओझे उचलणे, बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे ही तिची कारणे तेथे दिली आहेत. जांघेत असलेल्या अंत्रवृद्धीवर डागणीचा उपचार सांगून, अंडकोशात उतरलेली मात्र वर्ज्य मानली आहे. आज तीवर खात्रीचा उपाय उपलब्ध आहे. पण त्यासाठी ती वेळीच ओळखू आली पाहिजे.

जांघेतील नेहमीचा अंतर्गळ बहुधा पुरुषांत आढळतो. खोकल्याबरोबर गाठ वर येते, आडवे पडले की आत जाते. ती रोग्यालाही दिसते आणि डॉक्टरलाही. परंतु काही प्रकार असे आहेत की ते सहजी नजरेस पडत नाहीत. मांडीच्या मुळाशी होणारा फेमोरल अंतर्गळ स्त्रियांत अधिक आढळतो. त्याची गाठ लहान असते आणि तीत आतडे लवकर आवळले जाते. पोटाच्या पुढील बाजूस, स्नायूंच्या थरांमध्ये दडणारा स्पायगेलियन अंतर्गळ, तसेच कमरेच्या मागील बाजूस होणारा अंतर्गळ, हेही विरळाच. या सर्वांत अधिक फसवा प्रकार म्हणजे ऑब्च्युरेटर अंतर्गळ. आजचे विवेचन मी मुख्यतः त्यावरच करणार आहे.

कमरेच्या हाडांच्या सांगाड्यात, पुढील बाजूस, दोन्हीकडे एकेक मोठे छिद्र असते. ते पडद्याने झाकलेले असून त्याच्या वरच्या कडेला दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा एक अरुंद मार्ग राहतो. त्यातून मांडीच्या आतील बाजूस जाणारी नस आणि रक्तवाहिन्या जातात. तरुणपणी या मार्गात चरबीची गादी भरलेली असते. वार्धक्यात शरीर वाळले की ही गादी झिजते आणि मार्ग मोकळा होतो. स्त्रियांची कंबर रुंद. त्यातच अनेक बाळंतपणे, जुनाट खोकला आणि मलावरोध यांची भर पडते. यास्तव ही व्याधी मुख्यतः सत्तरीपुढच्या कृश स्त्रियांत आढळते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत तिचे प्रमाण सहा ते नऊपट सांगितले जाते. सर्व अंतर्गळांत तिचा वाटा जेमतेम ०.०७ ते १ टक्का. पण निरनिराळ्या अहवालांत तिच्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १३ ते ४० टक्क्यांपर्यंत नोंदले आहे. या भयंकर आकड्याचे प्रमुख कारण एकच आहे, आणि ते म्हणजे विलंब.

हा विलंब कसा होतो, ते पाहू. कल्पना करा, पैनगंगेच्या काठच्या एखाद्या गावातील ऐंशी वर्षांची आजी. जन्मभर कापूस वेचला, पाण्याच्या घागरी वाहिल्या, चुलीचा धूर सोसला. तिच्या पोटात अधूनमधून कळ येते आणि आपोआप थांबते. शिवाय मांडीच्या आतील बाजूने गुडघ्यापर्यंत ठणका लागतो. घरची मंडळी त्यास संधिवात म्हणतात, तेल चोळतात. एके दिवशी वांत्या सुरू होतात, पोट फुगते, शौचास होत नाही. अपचन समजून एरंडेल दिले जाते. डॉक्टरकडे नेले तरी पोटावर व जांघेत गाठ अशी दिसतच नाही, कारण ती मांडीच्या स्नायूंखाली खोलवर दडलेली असते. दोन-तीन दिवस असेच जातात आणि तोवर आत अडकलेले आतडे काळे पडलेले असते.

या मांडीच्या दुखण्यातच निदानाची किल्ली आहे. त्या अरुंद मार्गात आतडे शिरले की शेजारची नस दाबली जाते आणि मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत वेदना जाते. पाय मागे ताणला अथवा बाहेर फाकवला की ती वाढते. गुडघा पोटाशी घेतला की उतरते. लंडनचे जॉन हाउशिप यांनी १८४० साली आणि बर्लिनचे मॉरिट्झ रोमबर्ग यांनी १८४८ साली हे लक्षण नोंदविले. आजही ते त्या दोघांच्या नावे ओळखले जाते. प्रत्येक रोग्यात ते मिळतेच असे नाही. तथापि कृश वृद्धेस वांत्या, पोटफुगी आणि असा मांडीचा ठणका एकत्र असेल, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत हाच संशय धरावा.

येथे आपल्या जिल्ह्याची एक विशेष अडचण सांगतो. आपल्या घरांतील वृद्ध मंडळी मराठीत बोलतात. डॉक्टर व परिचारिका पुष्कळदा तेलुगू भाषिक असतात. मध्ये दुभाष्याचे काम करणारा मुलगा किंवा नातू ‘कडुपु नोप्पी’, म्हणजे पोट दुखते, एवढेच सांगतो. आजीने सांगितलेली मांडी वाटेतच गळून पडते. कारण पोटाच्या दुखण्याशी तिचा काय संबंध, असे त्यास वाटते. म्हणून माझी विनंती आहे की रोग्याचे शब्द आपण गाळू नयेत. ‘तोड नोप्पी’ हे दोन शब्द त्या वेळी बोलले गेले, तर एक जीव वाचू शकतो.

निदानाची पुढील पायरी म्हणजे संपूर्ण तपासणी. दोन्ही जांघा, मांडीचे मूळ आणि जरूर तर गुदमार्गाने वा योनिमार्गाने केलेली तपासणी टाळता कामा नये. लज्जेमुळे ती नाकारू नये. स्त्री डॉक्टरची मागणी अवश्य करावी. सीटी स्कॅनने हा दडलेला अंतर्गळ स्पष्ट दिसतो, आणि पूर्वी पोट उघडल्यावरच कळणारी गोष्ट आज आधी कळू शकते. एके काळी अशा रोग्यास नागपूर, नांदेड अथवा हैदराबाद गाठावे लागे. २००८ साली आदिलाबादेत राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था सुरू झाल्यापासून शिक्षणरुग्णालय आपल्या गावातच आहे.

आता शस्त्रक्रियेविषयी. लंडनचे हेन्री ओब्रे यांनी १८५१ साली या अंतर्गळावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, असे मानले जाते. आज प्रथम शिरेवाटे द्रव देऊन शरीरातील पाणी व क्षार पूर्ववत करतात आणि नाकातून नळी घालून जठर रिकामे करतात. नंतर बहुधा पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेऊन अडकलेले आतडे हलक्या हाताने सोडवतात. ते जिवंत असेल तर तसेच ठेवतात; मेले असेल तर तेवढा भाग काढून टोके जोडतात. मग ते छिद्र टाक्यांनी, किंवा दूषितपणा नसल्यास जाळी बसवून, बंद करतात. दुसऱ्या बाजूसही असाच अंतर्गळ असण्याचा संभव असल्याने तीही पाहून घेतात. रोग्याची प्रकृती स्थिर असेल तर हेच काम दुर्बिणीच्या साहाय्याने करता येते.

‘आता या वयात कशाला चिरफाड?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्यामागे माया असते, हे मी जाणतो. वार्धक्यात हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंडे थकलेली असतात आणि शस्त्रक्रियेचा धोका असतो, हे मी नाकारीत नाही. परंतु आवळलेले आतडे औषधाने सुटण्याची वाट पाहणे हा त्याहून मोठा धोका आहे. निर्णय घेताना वयाबरोबरच आतडे किती वेळ अडकले आहे, हेही पाहिले पाहिजे.

शेवटी घरोघरी लक्षात ठेवण्यासारखे थोडे सांगतो. वांत्यांबरोबर पोट फुगले आणि वायूही सरेनासा झाला, तर एरंडेल, जुलाब वा एनिमा देऊ नये. दुखणारी गाठ चोळून आत ढकलू नये. तोंडाने काही न देता १०८ वर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. आणि सुनांनी व लेकींनी घरातील वृद्धांना मोकळेपणाने विचारावे : आजी, जांघेत गाठ येते का? मांडीत कळ जाते का? हा प्रश्न विचारण्यात अमर्यादा नाही. ती सेवाच आहे.

 घरातील वडीलधाऱ्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.