पडद्यावरचा वर्ग
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत विद्वानांची भाषणे झाली. एक दिवस विद्यार्थ्याचे मनोगत ऐकावे असे कार्यकारिणीच्या मनात आले आणि विद्यार्थी म्हणून निवड झाली ती एकसष्ट वर्षे वयाच्या माझी! मी व्याख्याती नव्हे. ऑनलाइन पद्धतीने महाविद्यालयीन दर्जाचा एक अभ्यासक्रम मी पुरा केला, एवढेच माझे भांडवल. तेही पहिल्या खेपेस जमले नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण माझ्या बोलण्याचा विषय मुख्यतः तोच आहे.

१९८१ साली मी नांदेडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात होते. १९८२ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन हैदराबादला आले आणि वह्यांचा गठ्ठा माहेरीच राहिला. योगायोग पाहा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच शहरात आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. देशातले ते पहिले मुक्त विद्यापीठ. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. ती बातमी मी वाचली, वृत्तपत्राची घडी घातली आणि पुढे तो कागद फडताळात अंथरला. मला कोणी अडवले नाही. मीच कोणाला विचारले नाही. ही रुखरुख चाळीस वर्षे माझ्या सोबतीला राहिली.

घरबसल्या शिकण्याची कल्पना नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, तेव्हा पोस्टमनने आणलेले पाकीट हाच वर्ग असे. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर दिसू लागले. दुपारची भांडी आवरून मीही ते पाहत असे. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले आणि हैदराबादचे विद्यापीठ घडवणारे जी. राम रेड्डी हेच त्याचे पहिले कुलगुरू झाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ आले. पुढे २००३ पासून आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'एनपीटेल' या नावाने आपल्या प्राध्यापकांचे पाठ चित्रित करून सर्वांसाठी खुले करण्यास आरंभ केला. आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ उभे राहिले. ज्या संस्थांच्या फाटकातून आत जाण्यासाठी मुले वर्षानुवर्षे रात्रीचा दिवस करतात, त्यांचे प्राध्यापक आता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन शिकवू शकत होते. प्रवेशास शुल्क नाही, वयाची अट नाही.

जुलै २०२३ मध्ये मी संभाव्यता आणि संख्याशास्त्र या विषयाच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमास नाव घातले. दर आठवड्यास काही चित्रित पाठ आणि एक स्वाध्याय. बारांपैकी उत्तम आठ स्वाध्यायांचे गुण धरतात आणि त्यांचे होतात पंचवीस. उरलेल्या पंचाहत्तर गुणांची परीक्षा मात्र प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यावी लागते. पहिले तीन आठवडे मी हवेत होते. न समजलेले वाक्य पुन्हा ऐकता येते, प्राध्यापकांना मध्येच थांबवून कुकरची शिट्टी मोजता येते, याचे मला केवढे अप्रूप!

चौथ्या आठवड्यात सशर्त संभाव्यतेचा पाठ आला. फळ्यावरचे सूत्र पुरे करून प्राध्यापक आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "समजले का?" मी टेबलापाशी बसून मोठ्याने म्हणाले, "नाही हो, सर." ते दोन क्षण थांबले, मान हलवली आणि पुढचे उदाहरण सांगू लागले.

त्या गृहस्थांचा यात काहीच दोष नव्हता. तो पाठ केव्हाच चित्रित झाला होता. मी तो भाग सात वेळा मागे नेऊन पाहिला. सातही वेळा त्यांनी तितक्याच सौजन्याने विचारले, सातही वेळा मी नाही म्हणाले आणि सातही वेळा ते पुढे गेले. मनुष्यशिक्षकाचा धीर तिसऱ्या वेळी सुटला असता. यांचा सुटत नव्हता. परंतु समोरच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून खडू खाली ठेवणारा शिक्षक आणि कधीच न थकणारा शिक्षक, या दोन निराळ्याच गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी उमगले. प्रश्न लिहून पाठवण्याची सोय होती. पण आपल्याला नेमके काय समजले नाही हेच ज्याला समजलेले नसते, त्याने लिहावे तरी काय?

त्या आठवड्याचा स्वाध्याय राहिला. मग पुढचाही राहिला. गौरी-गणपती आले, नातवाचा ताप आला, आणि माझा अभ्यासक्रम कोणास न कळता संपला. या 'कोणास न कळता'चेच मला अधिक वाटले. नांदेडला दोन दिवस वर्गास गेले नाही तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एखादी मैत्रीण दाराशी येऊन विचारी, "का ग, बरी आहेस ना?" आपली वही दाखवायची, तिची मागायची, एकमेकींच्या चुकांना हसायचे, यालाही आम्ही महाविद्यालयच म्हणत होतो. इथे माझी जागा रिकामी झाली हे कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते, कारण मला जागाच नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये मी पुन्हा नाव घातले. या वेळी आपल्याच मंडळाच्या एका सभासदाची कन्या, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी, तोच अभ्यासक्रम घेत होती. आम्ही दर शनिवारी चार वाजता मंडळाच्या वाचनालयात भेटायचे ठरवले. तिचे सारे शिक्षण इंग्रजीतून झालेले. मराठी तिच्या घरात आहे, पण ती जेवणाखाणाची आणि सणावारांची मराठी. माझे शालेय शिक्षण मराठीतून झालेले. त्यामुळे मध्य, मध्यक, प्रमाण विचलन हे शब्द माझ्यापाशी होते, पण गणित गंजलेले होते.

पुन्हा तो चौथा आठवडा आला. बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचा सिद्धान्त आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलीला सूत्र पाठ होते, उत्तरही बिनचूक येत होते. मी विचारले, "पण असे का?" ती म्हणाली, "मावशी, सूत्रच तसे आहे." म्हणजे तिला उत्तर येत होते, मला तेही येत नव्हते, आणि अर्थ दोघींनाही लागला नव्हता.

मी सहज कपाटांकडे पाहिले. म्हटले, "समज, या खोलीत हजार पुस्तके आहेत आणि एकाच पुस्तकाला वाळवी लागली आहे. तपासायला आलेला माणूस वाळवीचे पुस्तक कधी सोडत नाही. परंतु चांगल्या शंभर पुस्तकांपैकी पाचांवर उगाच संशय घेतो. त्याने बाजूला काढलेल्या ढिगातले एक पुस्तक मी उचलले. त्याला वाळवी असण्याचा संभव किती?" ती चटकन म्हणाली, "पंच्याण्णव टक्के." मग आम्ही मोजू लागलो. चांगली पुस्तके नऊशे नव्याण्णव, त्यांतली सुमारे पन्नास विनाकारण बाजूला पडली. खरोखर वाळवीचे एक. ढीग एकावन्न पुस्तकांचा, त्यात दोषी एकच. म्हणजे शेकडा दोनच्याही आत! ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे बाकीची पन्नास पुस्तके बिचारी उगाच बदनाम झाली." त्या एका वाक्यात तिला सूत्राचा अर्थ लागला होता, आणि तिला सांगता सांगता तो मलाही लागला होता.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. त्यासाठी मी एक हजार रुपये भरले होते. केंद्रावरचा रखवालदार मला अदबीने म्हणाला, "अम्मा, पालकांनी बाहेर बसायचे." मी प्रवेशपत्र पुढे केले, तेव्हा त्याने ते दोनदा वाचले आणि सलाम करून मला आत सोडले. मला सत्तावन्न गुण मिळाले. मुलीला ऐंशीच्या वर मिळाले. प्रमाणपत्र मी कागदावर छापून घेतले असून ते फडताळात अंथरलेले नाही.

बंधुभगिनींनो, या नव्या शिक्षणपद्धतीची निंदा करण्यास मी उभी राहिलेली नाही. ज्या बाईकडे कोणतेही महाविद्यालय चाळीस वर्षे आले नाही, तिच्याकडे ते या मार्गाने आले. घर सोडता न येणाऱ्यांना, पुन्हा पुन्हा ऐकण्याची गरज असणाऱ्यांना आणि चारचौघांत चुकण्याची लाज वाटणाऱ्यांना हे मोठेच वरदान आहे. परंतु पडदा आपल्यास पाठ देतो, सोबती देत नाही. मुक्त विद्यापीठांच्या संस्थापकांना ही गोष्ट ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी टपालाने पुस्तके पाठवून न थांबता गावोगावी अभ्यासकेंद्रे उघडली. आपल्या हातातल्या यंत्रामुळे ती उणीव भरून निघाली असे आपण समजून चाललो, तर माझ्यासारखे कितीजण चौथ्या आठवड्यात कोणास न कळता गळून पडतील!

म्हणून कार्यकारिणीपाशी माझी एक छोटी मागणी आहे. आपल्या वाचनालयातले ते खिडकीजवळचे मोठे टेबल शनिवारी दुपारी चार ते सहा अभ्यासासाठी राखून ठेवावे. विषय कोणताही असो, वय कोणतेही असो. खर्च काही नाही. दोन खुर्च्या अधिक लागतील. तिथे आलेल्याने इतकेच करावे, की शेजारचा दोन शनिवार आला नाही तर तिसऱ्या शनिवारी त्याला विचारावे, "का, बरे आहात ना?"

आणि जमल्यास तो काय शिकतो आहे ते त्याला मराठीत सांगायला लावावे. "समजले का?" या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचा त्याहून चांगला मार्ग मला तरी सापडलेला नाही.