बौद्ध कुटुंबे आणि मृत्युपत्राचा कायदा

(सोलापूर येथील नवी पेठेत नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मृत्युपत्र हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतून लगेच ‘असे अभद्र बोलू नये’ असा सूर निघतो. वास्तविक धम्माला शरण गेलेल्या माणसास या शब्दाचे भय वाटण्याचे कारण नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत हे ज्याने मान्य केले, त्याने आपल्या पश्चात बायकामुलांची व्यवस्था काय, हा प्रश्न टाळणे म्हणजे जुन्या धर्माची भीती नव्या घरात आणून ठेवणे होय.

प्रथम एका शंकेचे निरसन करतो. नवदीक्षित कुटुंबांना त्यांचे हिंदू राहिलेले नातेवाईक सांगतात, ‘तुम्ही धर्म सोडला, आता वडिलांच्या घरात तुमचा वाटा कसला?’ काही ठिकाणी असेही सांगितले जाते, की ज्याने पिंडदान केले तोच वारस. बावीस प्रतिज्ञा घेतलेला मुलगा पिंडदान करीत नाही; म्हणून तो हक्कास मुकला, असा धाक घातला जातो. हा धाक निराधार आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २ मध्ये, धर्माने बौद्ध असलेल्या व्यक्तीस हा कायदा लागू आहे असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातलगांच्या वारशापासून वगळणारे कलम २६ त्याच कायद्यात आहे खरे. परंतु या कायद्यापुरता ‘हिंदू’ या शब्दात बौद्धांचाही समावेश असल्यामुळे, बौद्ध राहिलेल्या मुलांना ते कलम बाधत नाही. यावरून आपण धर्माने हिंदू ठरतो असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कायदा एक आहे, धर्म निराळे आहेत.

आता मृत्युपत्र न करता माणूस वारला तर काय होते ते पाहू. पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याची विधवा, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. समजा, एका गिरणी कामगाराने निवृत्तीच्या पैशांतून घर घेतले. मागे विधवा, वृद्ध आई, दोन मुलगे व एक मुलगी राहिली. घराचे पाच समान हिस्से होतात. मुलीचे लग्न झाले असले तरी तिचा हिस्सा जात नाही, आणि आई धाकट्या भावाकडे राहते म्हणून तिचाही जात नाही. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या विधवेस व मुलांस जातो.

विषमतेच्या दृष्टीने पाहिले तर हा कायदा उदार आहे. हिंदू कोड बिल बाजूला पडले, हे पूज्य बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देण्यामागचे एक प्रमुख कारण होते. मुलीला मुलाइतका हक्क हे त्या बिलाच्या गाभ्याचे तत्त्व होते. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मतः हक्क मिळाला. तेव्हा बहिणीकडून रडवेल्या प्रसंगी, वडिलांच्या दहनास महिना उलटला नसताना, हक्कसोडपत्रावर अंगठा घेणारा भाऊ ‘जय भीम’ म्हणण्यास कितपत पात्र आहे, याचा त्याने स्वतःच विचार करावा.

परंतु कायद्याचे हिस्से सारखे असले, तरी गरजा सारख्या नसतात. पाच हिस्सेदारांपैकी एकाने वाटपाचा दावा लावला आणि दोन खोल्यांच्या घराची वाटणी होण्यासारखी नसली, तर ते विकण्याची वेळ येते. मग विधवेच्या डोक्यावरचे छप्पर जाते. ज्या विधवेला मरेपर्यंत त्या घरात राहता यावे अशी पतीची इच्छा होती, ती इच्छा त्याच्याबरोबरच जळून जाते, कारण ती त्याने कोठे लिहून ठेवलेली नसते.

स्त्रियांच्या मिळकतीचा प्रश्न याहून गंभीर आहे. सोलापुरात विड्या वळून पै-पै जमवणाऱ्या भगिनींनी हे नीट ऐकावे. स्त्री मृत्युपत्राविना वारली तर तिची मिळकत प्रथम मुलगे, मुली व पती यांना जाते. मूलबाळ नाही व पतीही हयात नाही, अशा स्त्रीच्या कमाईवर कलम १५ प्रमाणे पतीच्या वारसांचा हक्क तिच्या स्वतःच्या आईबापांच्या आधी येतो. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा होऊन सासरहून हाकलली गेलेली, माहेरी शिकून नोकरी केलेली एक स्त्री मृत्युपत्राविना वारली, तेव्हा तिच्या बँकेतील व भविष्यनिर्वाह निधीतील रकमेवर सासरकडील मंडळींचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली मान्य केला. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. एका कागदाने हे टळले असते.

बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, असाही समज आहे. बँकेतील ठेवीचा नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो. तेवढ्याने तो मालक होत नाही, वारसांना त्याच्याकडे हिस्सा मागता येतो. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितले. तसेच सातबाऱ्यावरील फेरफार नोंद ही महसुलाची नोंद आहे, ती मालकी निर्माण करीत नाही.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, शुद्धीवर असलेल्या कोणाही व्यक्तीने साध्या कागदावर ते लिहावे. मुद्रांक लागत नाही. मिळकतीचे वर्णन गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांकासह करावे. सही किंवा अंगठा किमान दोन साक्षीदारांसमक्ष करावा आणि त्या दोघांनी आपल्यासमक्ष सह्या कराव्यात. साक्षीदारांच्या सह्या नसलेला कागद कितीही मनापासून लिहिलेला असो, तो मृत्युपत्र ठरत नाही. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नये; संशयास जागा राहते. साक्षीदार आपल्याहून तरुण असावेत, कारण पुढे न्यायालयात त्यांपैकी एकाने तरी साक्ष द्यावी लागते. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी. शेवटचे मृत्युपत्र खरे, म्हणून तारीख घालावी.

ज्यांच्याकडे महारवतनाची जमीन आहे त्यांनी विशेष सावध राहावे. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याखाली फेरमंजूर झालेली जमीन नव्या शर्तीची असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून तिचे हस्तांतर वा सरसनिरस वाटप करता येत नाही. अशा जमिनीविषयी काही लिहिण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

आणखी एक गोष्ट आपण सर्वांनी मनात ठेवावी. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा हा वारसा कायदा लागू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते प्रथम दिल्लीच्या उच्च न्यायालयाच्या कस्टोडियनकडे व पुढे महाराष्ट्राच्या अॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे पेटीबंद होऊन पडली. १९८१ साली शासनाच्या वतीने वसंत मून यांनी त्या पेट्या ताब्यात घेतल्या, आणि मग ते विचारधन ग्रंथरूपाने समाजापुढे येऊ लागले. मधली जवळजवळ पंचवीस वर्षे समाज त्याला पारखा राहिला. एवढ्या मोठ्या वारशाची ही गत झाली, तर आपल्या दोन खोल्यांची व दोन एकरांची काय कथा?

म्हणून माझे सांगणे असे, की या वर्षावासात प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. पत्नीला जवळ बसवावे, मुलींना बोलवावे, मिळकतीची कागदपत्रे एका पिशवीत गोळा करावीत आणि कोणास काय द्यावयाचे ते न्यायबुद्धीने ठरवावे. मात्र मृत्युपत्राचा अधिकार मुलीला वगळण्यासाठी वापरू नये. कायदा तुम्हाला तेवढी मोकळीक देतो. धम्म देत नाही.

जय भीम.