विद्यार्थी घर का सोडतो?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात केलेल्या भाषणातून)



ब्रह्माघाटावरील आपल्या घरांतून मुले आता परदेशी विद्यालयांकडे निघू लागली आहेत. त्यांना निरोप देताना आम्हांस शेजारच्या दुर्गाघाटावर राहिलेला एक विद्यार्थी आठवतो. गागोद्यास जन्मलेला, बडोद्यास शिकलेला विनायक नरहर भावे १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाला आणि वाटेत सुरतेस उतरून काशीस आला. प्रमाणपत्रे त्याने आधीच चुलीत घातली होती. हिमालयातील शांती आणि बंगालातील क्रांती या दोहोंची त्यास ओढ होती, आणि काशी दोहोंच्या वाटेवर होती. दुपारी अन्नछत्रात जेवावे आणि दक्षिणेच्या दोन पैशांत दही-रताळी घेऊन रात्र भागवावी, असा त्याचा क्रम असे. हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभातील गांधीजींचे भाषण वाचून त्याच्या मनात प्रश्न उठले. त्याने त्यांस पत्र लिहिले आणि ७ जून १९१६ रोजी तो कोचरबच्या आश्रमात पोहोचला. तेच पुढे आपले विनोबा.

प्रमाणपत्रे जाळा, असे आम्ही सांगत नाही. परंतु प्रवेशाच्या अर्जात ‘येथे का येऊ इच्छिता?’ असा प्रश्न असतो. पालकहो, त्याचे उत्तर मुलांना आपण लिहून देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.