माळ्यावरची सुताराची पेटी

आज पापडाची कृती नाही आणि बचतीचा हिशेबही नाही. आज गंजाबद्दल बोलायचंय. मुरुडच्या बाईला गंज काय नवीन, म्हणाल. विळी, कोयती, खिडकीचे गज, खारा वारा कशाला सोडत नाही. पण मी सांगतेय ते सुताराच्या हत्यारांचं.

माझे सासरे सुतार. दारं-खिडक्या करायचे, एकदऱ्याला, राजपुरीला होड्यांच्या डागडुजीलाही जायचे. ते गेले आणि त्यांची पेटी माळ्यावर गेली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, आमची कौलं उडाली, माळा भिजला. छप्पर, धान्य, वायर यांच्यामागे धावताना पेटीची आठवण कुणाला? ती उघडली तेव्हा गणपती जवळ आले होते. आत सगळं तांबडं. भंगारवाला दारात आला, मी अर्धी पेटी त्याच्या काट्यावर ओतली. रंधा हातात घेतला तेव्हा त्यानं हातोडीनं ठोकून पातं काढलं आणि लाकडी ठोकळा माझ्या पायाशी टाकला. "लाकडाचे पैसे नाहीत, वहिनी."

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत. ठोकळा उचलला, पदरानं पुसला आणि आत नेला. खंडेनवमीला हत्यारं पुजायची तर आमच्या पाटावर तो बिनपात्याचा ठोकळा. त्याला हळदकुंकू वाहताना मला काय वाटलं ते मी सांगत बसत नाही.

उरलं होतं ते वाचवायचं ठरवलं. एक वाकस, दोन पटाश्या, एक किंकरं, गुण्या, करवत आणि सामता. सामता नव्या पोरींना माहीत नसेल. धनुकलीची दोरी गुंडाळून पुढंमागं ओढायची, की भोक पडतं. वीज लागत नाही.

पहिल्याच कामात घोळ केला. गंज झटपट जावा म्हणून एक पटाशी मशीनच्या चाकावर घासून आणली. चकचकीत झाली, टोकाला निळी झाक आली. मला ती शोभाच वाटली. मग सासऱ्यांच्या बरोबरीचे एक म्हातारे सुतारकाका आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी एकदा बघितली आणि म्हणाले, "सूनबाई, पाणी उतरवलंस की हिचं." पोलाद तापवून, थंड करून कडक केलेलं असतं, त्यालाच पाणी देणं म्हणतात. चाकावर ते फार तापलं, निळं पडलं, की कडकपणा जातो. मग कितीही धार लावा, दोन घावांत वळते. आता तो निळा भाग हळूहळू घासून संपवायचा, नाहीतर लोहाराकडून पुन्हा पाणी द्यायचं.

काकांनी शिकवलं ते घरातल्याच जिनसांचं. चिंचेचा कोळ पाण्यात पातळ करायचा, हत्यार रात्रभर त्यात बुडवायचं. चिंचेचा आंबटपणा गंज सोडवतो. पण रात्रभरच हं. विसरून चार दिवस ठेवलं तर तो चांगलं लोखंडही खातो. सकाळी नारळाच्या काथ्यानं घासायचं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, म्हणजे आंबटपणा मरतो. लगेच पुसायचं, उन्हात कडक वाळवायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. शिलाई मशीनचं तेल उत्तम. तासभर नुसतं ओलं राहिलं तरी पुन्हा तांबूस होतं, आमच्या हवेत तर नक्कीच. लाकडी दांडे कोळात घालायचे नाहीत. त्यांना जवसाचं तेल चोळायचं. आणि ते तेल लागलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आतून तापतं, आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर मोकळं पसरा.

धार लावताना मी आधी नुसती उतरती बाजू घासत होते. काका म्हणाले, आधी पाठ. पाठ दगडावर आरशासारखी सपाट झाली पाहिजे, मग उतरती बाजू. दोन सपाट बाजू भेटतात तिथं धार असते. पाठीवर टोकाजवळ गंजाचे खोल खड्डे असतील तर धारेला दातरे पडतात. म्हणून भंगारात जुनी पटाशी घ्यायची तर दांडा बघू नका, दांडा बाभळीचा नवा बसतो. पाठ बघा. आणि बारीक कानस धारेजवळ हलकेच फिरवा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, रुतली तर मऊ पडलंय. भंगारवाले हसतील, हसू द्या.

आमच्या घरात हे सगळं मुकाट्यानं झालं असं समजू नका. बाईनं वाकसाला हात लावायचा नाही, असं एक-दोघांनी ऐकवलं. सासूबाईच म्हणाल्या, "पूजेला आम्ही चालतो, कामाला नाही?"

एक कामाची गोष्ट. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. सुतार, लोहार आहेत, होडी बांधणारेही आहेत. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे, 5 टक्के व्याजानं कर्ज आहे. बायकांनाही अर्ज करता येतो, मात्र एका कुटुंबातून एकालाच. सामाईक सुविधा केंद्रात विचारा. पण ज्यांच्या माळ्यावर पेटी आहे त्यांनी आधी ती खाली उतरवा. जुनं पोलाद वजनावर घालण्याची घाई नको, एवढं मी स्वतःच्या चुकीवरून सांगते.

रंध्याचं सांगायचं राहिलं. ते पातं मला कधीच सापडलं नाही. पुढं वर्षभर जिथं गेले तिथं भंगाराच्या ढिगात डोकावले. रोह्याला एका दुकानात तशाच मापाचं मिळालं, एक सूत अरुंद. काकांनी पाचर नवी करून दिली. सासरे डावखुरे होते, त्यामुळे ठोकळ्याला पडलेली बोटांची झीज डाव्या हाताची आहे. मी उजवी. रंधा हातात नीट बसत नाही, सुरुवातीला तिरकाच जायचा.

यंदा पावसात मागचं दार फुगलं. दरवर्षी फुगतं, आणि सुताराची वाट बघत आम्ही ते ढकलून, दगड लावून दिवस काढतो. या वेळी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार अंगणात आडवं टाकलं, कडेनं दोन सूत सोललं. सासूबाईंनी दार धरलं होतं. सालपं चुलीला गेली. दार आता एका बोटानं लागतं.