कानातील मळ आणि आपण
(रुग्णांच्या नातेवाइकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तरीही आज कानांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत, त्यास कारण आमच्या कार्यालयात आलेला एक अर्ज. वयोवृद्ध सासऱ्यांना ऐकू येईनासे झाले म्हणून श्रवणयंत्रासाठी साहाय्य मिळावे, अशी एका सुनेची विनंती होती. मंजुरीपूर्वी कान-नाक-घसा विभागात तपासणी झाली, तेव्हा दोन्ही कान मळाने घट्ट बंद असल्याचे आढळले. मळ काढताच आजोबांनी पहिली तक्रार केली, ती पंख्याच्या आवाजाची! यंत्राची गरज उरली नाही; ती रक्कम यादीतील पुढील अर्जदाराच्या कामी आली.

हा मळ आत दडपला कोणी? घरच्यांनीच, कापसाच्या काडीने, रोज, मायेने.

'मळ' या शब्दानेच घोटाळा केला आहे, असे आम्हांस वाटते. ती वस्तुतः घाण नव्हे. कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरील भागातील ग्रंथींमुळे तयार होणारा हा मेणासारखा पदार्थ धूळ अडवितो, त्वचा कोरडी पडू देत नाही आणि किंचित आम्लधर्मी असल्याने जंतू व बुरशी यांना आवर घालतो. नलिकेची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत असते, त्यामुळे जुना मळ बहुधा आपोआप बाहेर पडतो. काडी, केसांची पिन, किल्ली (ही आमचीही जुनी सवय, कबूल करतो) त्याला उलट पडद्याकडे ढकलतात.

मग करावे काय? बहुतेकांनी काहीच नाही. बाहेरून ओल्या फडक्याने कान पुसावा. दडे बसल्यास डॉक्टर मळ मऊ करणारे थेंब देतात, गरज पडल्यास कोमट पाण्याने कान धुतात अथवा मळ शोषून काढतात. पाणी शरीराच्या तापमानाचे नसेल तर चक्कर येते, म्हणून हा प्रयोग घरी नको. कान वाहत असेल किंवा पडद्यास छिद्र असेल, तर तेलाचा थेंबही घालू नये. मधुमेहींनी कान कोरणे विशेष टाळावे. तेथील लहानशी जखमही बळावू शकते. आणि एकाएकी ऐकू येणे बंद झाले, तर मळच असेल असे मानून थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.

साहाय्यनिधीच्या अर्जात आम्ही आता एक रकाना वाढविला आहे : 'कान तपासले काय?'