वाटणीनंतर सामाईक काय उरते?



अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे असा प्रघात आहे. मला मात्र एका युनिक्स सर्व्हरच्या वाटण्यांवर बोलायचे आहे. खेड्यात भावाभावांचे सातबारे वेगळे होतात, पण विहीर सामाईक राहते आणि पुढची भांडणे तिच्यावरूनच होतात. आपल्या सर्व्हरवर ही विहीर कुठे असते, हे आपल्यातल्या पुष्कळांना पार्टिशन कोसळल्यावरच कळते.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सीएचरूट आले. प्रोसेसला एक डिरेक्टरीच मूळ म्हणून दाखवायची, एवढेच त्याचे काम. नेटवर्क आणि प्रोसेसची यादी सगळ्यांची एकच. रूट अधिकार असलेल्याला त्यातून निसटणे मुळीच कठीण नव्हते, तरी लोकांनी त्याला सुरक्षेचे कुंपण मानले.

पुढे होस्टिंगच्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला रूट अधिकार हवासा झाला, आणि मशीन तर एकच. यावर पॉल-हेनिंग कॅम्प यांनी केलेले ‘जेल’ मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० मधून आले. जेलमधल्या रूटला शेजारच्या जेलमधल्या प्रोसेस दिसत नाहीत, नेमून दिलेल्यापलीकडचा आयपी पत्ता घेता येत नाही, कर्नल मॉड्यूल चढवता येत नाही. २००५ मध्ये सोलारिस १० ने त्याच धर्तीचे झोन आणले. दोन्ही मला आवडतात. हलके आहेत, क्षणात उभे राहतात. पण कर्नल एकच. तो पॅनिक झाला की सगळे घर एकदम बसते. त्याहून रोजचा जाच पॅचचा: कर्नलचा पॅच टाकायचा तर दहा विभागांना एकाच रात्रीचा डाउनटाइम मागायचा. दहाव्याचा नेमका महिनाअखेरचा हिशेब चालू असतो!

कर्नलच वेगळा करण्याची वाटही होती: आयबीएमने २००१ मध्ये पी६९० सर्व्हरवर एलपार, म्हणजे लॉजिकल पार्टिशन, दिले. इथे प्रत्येक वाटणीला स्वतःचे एआयएक्स (आयबीएमचे युनिक्स), स्वतःचा कर्नल, आणि खाली हायपरव्हायजर. २००४ च्या पॉवर५ पासून प्रोसेसरचा दहावा हिस्साही एका पार्टिशनला देता येऊ लागला. पार्टिशन अनकॅप्ड, म्हणजे वरच्या मर्यादेविना, ठेवले तर शेजाऱ्याची रिकामी ताकदही वापरता येते.

मग विहीर गेली का? नाही, ती खाली सरकली. डिस्क आणि नेटवर्क व्हीआयओएसमधून, म्हणजे व्हर्च्युअल आय/ओ सर्व्हरमधून, येत असतील आणि तो एकच असेल, तर तो रीबूट होताच त्याच्यावरचे सगळे एलपार डिस्कविना तडफडतात. म्हणून जाणते लोक दोन ठेवतात. आणि क्लस्टरचे दोन्ही नोड एकाच पेटीतल्या, म्हणजे एकाच मशीनमधल्या, दोन एलपारवर ठेवून त्याला हाय अव्हेलेबिलिटी म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. विक्रेत्याच्या चित्रात ते दोन वेगळ्या रंगांचे चौकोन दिसतात. खालची पेटी चित्रात नसते.

माझा कौल सरळ आहे. एकाच विभागाची, एकाच वेळी बंद ठेवता येणारी कामे जेल किंवा झोनमध्ये खुशाल ठेवा. परस्परांना अनोळखी गिऱ्हाइके किंवा वेगळ्या पॅच-वेळा असतील, तर स्वतंत्र कर्नलचा खर्च करा. आणि उद्या कामावर गेलात की सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक पार्टिशनपुढे एक रकाना वाढवा: कर्नल, व्हीआयओएस, डिस्क, पेटी यांपैकी काय काय सामाईक आहे, आणि कोणाबरोबर. तो भरल्याशिवाय नवे पार्टिशन देऊ नका.